मापाचा ब्लाउज

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार. न्हावरे

नवी वही आहे, म्हणून आधी नाव लिहिते. प्रगती मल्हारी कोळपे, वय चौतीस, धंदा शिलाई. वजन लिहिणार नाही.

दुकान उघडून आज तीन आठवडे झाले. शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. नाव 'ऐसपैस', आणि खाली लिहिलंय, 'मोठ्या मापाच्या बायकांचे फॅशनचे कपडे'. पाटी रंगवणारा म्हणाला, "ताई, 'मोठ्या घरच्या' लिहू का? 'मोठ्या मापाच्या' वाचून कोण आत येईल?" मी म्हटलं, जसं सांगितलं तसं रंगव.

हे खूळ डोक्यात कसं शिरलं तेही लिहून ठेवते. मागच्या दिवाळीला स्वतःसाठी एक चांगला ड्रेस घ्यायला गेले होते. दुकानातल्या माणसाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या मापात फक्त गाऊन." माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा होता मेला! बारा वर्षं मी घरी बसून जगाचे कपडे शिवतेय, आणि माझ्यासाठी गावात गाऊन? घरी येऊन मशीनवर बसले ते रागानेच. पहिला अनारकली शिवला तो शेजारच्या मुक्ताबाईंना. त्या तो घालून न्हावऱ्याच्या बाजारात तीन फेऱ्या मारून आल्या. काही घेतलं नाही, नुसत्या फिरल्या.

दुकानासाठी पुतळा आणला तर तोही काडीपैलवान. सगळे पुतळे तसेच मिळतात म्हणे. मग त्याला जुन्या गोधड्या गुंडाळल्या, कापूस भरला, वरून अस्तर घट्ट शिवलं. आता तो आमच्यातला वाटतो.

आमचे हे डेअरीची दुधाची गाडी चालवतात. ते म्हणाले, "कर, बघू काय व्हतंय." सासूबाई, म्हणजे अनसाबाई, म्हणाल्या, "जाड्या बाया दुकानात कशापायी येतील? त्या लपून बसत्यात." मला टोमणा कळतो. भाकरी जरा जोरात थापली.

५ डिसेंबर, गुरुवार

आज रडायची वेळ आली होती. एका दिवसात पाच ब्लाउज परत आले. पाचही घट्ट!

आमच्याकडे कुणी अंगाचं माप देत नाही. परक्यासमोर टेपमध्ये उभं राहायची लाज वाटते, म्हणून बायका पिशवीत एक जुना ब्लाउज घालून आणतात आणि 'मापाचा ब्लाउज' म्हणून टेबलावर ठेवतात. शिंप्याने तो पसरायचा आणि तसाच कापायचा. पिढ्यानपिढ्या हेच चाललंय, म्हणून मीही निमूट तसंच केलं.

शाळेतल्या रुपालीबाई तर चिडल्याच. "माप दिलेलं असताना घट्ट कसा? कापड तुझ्या मशीनने खाल्लं का?" मी त्यांचा मापाचा ब्लाउज पुन्हा काढून बघितला. आत हळदीचा डाग, हुक गंजलेले. म्हटलं, बाई, हा कधीचा? बाई नखाने डाग खरवडायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "लग्नातला आहे."

बाकीच्या चौघींचे पाहिले. एक बारशाचा, एक कॉलेजच्या गॅदरिंगचा, दोन लग्नातले. सगळ्यांनी मला आपलं जुनं अंग मापाला दिलं होतं, आणि मी इमानेइतबारे त्या जुन्या अंगांचे कपडे शिवून ठेवले होते. हसावं की डोकं आपटावं!

८ डिसेंबर, रविवार

आता दुकानात मापाचा ब्लाउज घ्यायचा नाही, अंगाचंच माप घ्यायचं, असं ठरवलं. पण टेप काढला की बायका श्वास ओढून पोट आत घेतात, आकडा ऐकला की तोंड पाडतात. काल एक तर आकडा ऐकून कापड घेऊन परतच गेली.

काल रात्री जेवताना यांना सांगत होते तर सासूबाई मध्येच म्हणाल्या (त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलंय), "मेंढीच्या गळ्यात घुंगरू बांधाया आमी कवा टेप लावला न्हाई. सुतळी फिरवायची, गाठ मारायची. मेंढीला काय करायचाय आकडा?"

मला बायकांची तुलना मेंढ्यांशी केलेली आवडली नाही. तसं तोंडावर बोललेही. पण सकाळी उठून सॅटिनच्या फितीचं रीळ घेऊन आले. आता प्रत्येकीची एक फीत. छातीला एक गाठ, कमरेला दोन, दंडाला तीन. आकडा कुणी बोलायचा नाही, कुणी लिहायचा नाही. फितीला नावाची चिठ्ठी लावायची आणि खिळ्याला टांगायची.

रुपालीबाईंनी पहिली फीत दिली. गुलाबी रंग स्वतः निवडला. श्वास ओढायला विसरल्या!

१५ डिसेंबर, रविवार

खिळ्यांना सत्तावीस फिती झाल्या. वाऱ्याने हलतात तेव्हा दुकान जत्रेसारखं दिसतं.

एक गोष्ट खटकते. येणाऱ्या निम्म्याअधिक बायका म्हणतात, "अनसाबाईंनी धाडलं." म्हणजे म्हातारी दूध घालायला जाते तिथे, दळणाला जाते तिथे, माझ्या जाडीच्या गोष्टी सांगत फिरते. "माजी सून लई मोठ्या मापाची हाय, तिला समदं कळतंय," असं सांगते म्हणे. बदनामीला काही सीमा?

१९ डिसेंबर, गुरुवार

आज मोठं काम आलं. यवतच्या सोजराकाकी आल्या होत्या, लेकीला घेऊन. लेक अपेक्षा, वय सत्तावीस, पतसंस्थेत नोकरीला. माझ्यासारखीच, अंगाने भरलेली. हसते तेव्हा खांदेसुद्धा हसतात. दोन फेब्रुवारीला लग्न आहे. नवरा मुलगा सत्यजीत इथलाच, शिरूरचा. मुलगी पसंत करताना म्हणाला होता, "मला जेवणारी बायको पाहिजे, मी एकटा जेवून कंटाळलोय." मला ऐकूनच आवडला.

लग्नाच्या शालूवरचा ब्लाउज माझ्याकडे! डाळिंबी रंग, जरीचे बारीक मोर. पुण्याच्या दोन ठिकाणांहून नकार मिळाला म्हणे. शालूतला ब्लाउजपीस ऐंशी सेंटिमीटरचा असतो. जगातल्या सगळ्या बायकांना ऐंशीच सेंटिमीटर पुरतं असं कुणी ठरवलं कोण जाणे. आमच्यासारखीला त्यात जोड द्यावा लागतो, नाहीतर बाह्या आखूड कराव्या लागतात. अपेक्षाला लांब बाह्या हव्यात आणि मागे खोल गळा. "ताई, लपवायचं काही नको. मस्त दिसलं पाहिजे," म्हणाली. मी तिथेच कागदावर चार डिझाइन काढली.

फीत घेऊन झाली. अपेक्षा बाहेर गेल्यावर सोजराकाकी मागे थांबल्या. दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, "दोन इंच कमीच काप. लग्नापतुर उतरंल ती. कापड घट्ट आसलं की पोरगी आपसूक तोंड आवरती. आन् आत जागा ठिवू नको, न्हाईतर उसवून सैल करंल."

मी हो म्हटलं.

यात वाईट काय आहे? मीही माझे ब्लाउज एक इंच कमीच शिवते. कपाटात सात आहेत, नवेकोरे. अंग उतरलं की घालीन. माणसाला समोर काहीतरी ध्येय असलेलं बरं.

दोन इंच कमी धरलं तर जोडही लागत नाही. त्या दृष्टीने सोईचंच झालं.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

कापला. गाठीपासून दोन इंच आत खूण केली. कात्री चालवताना उगाच पुतळ्याकडे पाठ केली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दुकानातच हळदीकुंकू केलं. पस्तीस बायका, सगळ्या आपापल्या नव्या कपड्यात. रुपालीबाई खणाचं जॅकेट घालून आल्या आणि फोटोत पुढे उभ्या राहिल्या. एरवी त्या दुसऱ्या रांगेत कुणाच्या तरी खांद्यामागे असतात. मुक्ताबाईंना कुणीतरी विचारलं, "बारीक झालीस का गं?" त्या म्हणाल्या, "न्हाई. कपडा मोठा झाला." सगळ्या इतक्या हसल्या की वाणाचे डबे कलंडले.

मी आपली नेहमीची काळी साडी, वर काळी शाल. दुकानदारणीला काय नटायचं असतं?

१५ जानेवारी, बुधवार

अपेक्षा ट्रायलला आली. पडद्याआड बराच वेळ नुसती खुडबुड चालली होती. मग म्हणाली, "ताई, जरा येता का?" आत गेले. ब्लाउज पाठीवर चार बोटं उघडा होता. हात कोपरातून वाकेना.

गालावरची टवटवी गेलीये पोरीची. महिनाभर काकडी आणि दुधीचा रस. नाश्ता बंद, रात्रीचं जेवण बंद. पतसंस्थेत एकदा चक्कर आली तेव्हा "ऊन लागलं" असं सांगितलं. जानेवारीत!

मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "तुमची चूक नाही ताई. फीत तर बरोबर होती. म्हणजे मीच वाढले. एवढं उपाशी राहून वाढले." मग तिने तो ब्लाउज हलक्या हाताने काढला, नीट घडी केली, आणि त्यावरून हात फिरवत म्हणाली, "सॉरी."

कपड्याला सॉरी म्हणाली.

मला सांगता आलं नाही. "पंधरा दिवसांनी बघू," एवढंच बोलले. ती गेल्यावर दुकान लवकर बंद केलं.

घरी जेवण गेलं नाही. सासूबाईंनी विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लेकरू कापडाला सॉरी म्हनलं व्हय? कापडानं म्हनायला पायजे हुतं." उठून माझं ताट झाकून ठेवलं.

१८ जानेवारी, शनिवार

दोन दिवस स्वतःशीच भांडले. सोजराकाकींना शब्द दिला होता. त्यांच्याच घरच्या आठ बायकांचं काम पुढे यायचं होतं. खरं बोलले तर तेही जाणार आणि यवतपासून शिरूरपर्यंत नाव खराब होणार. नाही बोलले तर ती पोर आपल्या लग्नात श्वास कोंडून उभी राहणार, आणि दोष स्वतःलाच देणार. एवढं लिहून काढल्यावर वही मिटली आणि यांना म्हटलं, गाडी काढा, यवतला जायचंय.

गेलो तर घरात लाडू वळणं चाललं होतं. रुखवताचे. पडवीत आठ-दहा बायका, मध्ये बेसनाची परात. अपेक्षा एका कोपऱ्यात लाडू वळत होती, एकही तोंडात न टाकता. तिचे वडील बापूसाहेब खुर्चीत पत्रिकांवर नावं टाकत होते.

पाणी प्यायले आणि उभ्याउभ्याच बोलले. बसले असते तर धीर गेला असता. "अपेक्षा, तू वाढली नाहीस. ब्लाउज मी मुद्दाम दोन इंच कमी कापला. माझं चुकलं."

सगळे हात थांबले. काकींचं नाव मी घेतलं नव्हतं, घेणारही नव्हते. पण काकींच्या हातातला लाडू परातीत फुटला आणि त्याच म्हणाल्या, "तिची चूक न्हाई. म्या सांगितलं हुतं."

अपेक्षा आईकडे बघत राहिली. "आई, मी महिनाभर काकडी खातेय. रोज आरशात बघून वाटायचं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय." डोळे भरले, पण आवाज चढला. "दोन इंच बारीक मुलगी हवी होती तर तसं सांगायचं होतं. मी दुसरीकडून आणून दिली असती!"

काकी खाली बघून म्हणाल्या, "लोक हसत्यात गं. तुला ठावं न्हाई कसं हसत्यात."

तेव्हा बापूसाहेब पत्रिका बाजूला ठेवून म्हणाले, "सांग की मग तिला. आपल्या लग्नात मंगलाष्टकं चालली असताना हिचा ब्लाउज काखेत टर्रकन उसवला. घट्ट शिवला हुता हिच्या आईनं. मांडव हसला. आन् हिनं समदं लगीन शाल पांघरून काढलं. मे महिन्यात! मला वाटलं, बायकोला हिवताप हाय."

एक आत्या फिसकन हसली. मग दुसरी. मग काकीच तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, आणि हसताहसता रडायला. अपेक्षा उठली, आईजवळ जाऊन बसली, परातीतून एक लाडू घेतला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा काकींनी स्वतः तिच्या हातावर ठेवला.

निघायला उठले तर काकी म्हणाल्या, "चाललीस कुटं? फिती आनल्यास का न्हाई?" आतल्या खोलीत दार लावून आठही जणींची मापं घेतली. सगळ्यात शेवटी काकी. म्हणाल्या, "काखेत चांगली ऐसपैस जागा ठेव."

२२ जानेवारी, बुधवार

बोलून मोकळी झाले, आता कापड कुठून आणू? शालूचा तुकडा संपलेला, तसा दुसरा मिळणं शक्य नाही. जोड द्यायलाच हवा. आजवर सगळ्यांनी जोड काखेत लपवला. मी म्हटलं, आपण मिरवू. दोन्ही बगलांना खालपासून वरपर्यंत हिरव्या खणाची पट्टी, तीच बाहीच्या खालून मनगटापर्यंत जाणार, पाठीच्या गळ्याला तिचीच गोट. डाळिंबीत हिरवा! कागदावर काढलं आणि मलाच टाळी वाजवावीशी वाटली.

शिरूरच्या चार दुकानांत फिरले, तो हिरवा मिळेना. मग आठवलं. माझ्या सातांपैकी एक त्याच हिरव्या खणाचा आहे. कात्री लावताना हात जरा अडला. चार वर्षं वाट बघत होता बिचारा. पण एकदा पहिला काप गेल्यावर इतकं बरं वाटलं की बाकीचे सहाही उसवले. त्यांच्या सुंदर पिशव्या होतील.

हे दारातून बघत होते. म्हणाले, "रागावलीस का कुणावर?" म्हटलं, नाही, कपाट आवरतेय.

२६ जानेवारी, रविवार

अपेक्षाने ब्लाउज घातला. हुक लागले. हात वर केले, बाजूला केले, गोल फिरवले. मग दुकानात तीन गिरक्या घेतल्या आणि पुतळ्याला मिठी मारली. "ताई, मी किती छान आहे!" असं म्हणाली. ब्लाउज किती छान, असं नाही म्हणाली. माझ्या बारा वर्षांच्या शिलाईत असं कुणी म्हटलेलं नाही.

लग्नाचं आमंत्रण मला, यांना आणि सासूबाईंना. जाताना अपेक्षा म्हणाली, "काळी साडी नेसून आलात तर मांडवात घेणार नाही." आली का पंचाईत! म्हणजे नवा ब्लाउज शिवायला हवा, आणि माझी फीत तर नाही. शिंपिणीचं माप कोण घेणार? सासूबाईंना म्हटलं, या जरा. त्यांनी फीत माझ्याभोवती फिरवली. हात पुरेना, म्हणून मला कवेत घेऊनच पलीकडून टोक पकडलं. आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. गुडघे धरले असतील, थंडी फार आहे.

मोरपंखी रंगाचा शिवतेय. गाठ जिथे पडली तिथेच कापला.

३ फेब्रुवारी, सोमवार

लग्न लागलं. कालचं सगळं लिहायचं आहे आणि खांदा दुखतोय.

मंडप यवतला, हायवेच्या कडेच्या मंगल कार्यालयात. मी मोरपंखी नेसून गेले. पहिली दहा मिनिटं वाटत होतं, सगळे माझ्याकडेच बघताहेत. मग कळलं, खरंच बघत होत्या आणि विचारत होत्या, "कुठं शिवला?"

अपेक्षा बाहेर आली आणि मंडपात एकदम गलका झाला. डाळिंबी शालू, लांब बाह्या, हात जरा हलला की बगलेतून हिरवा खण चमकायचा. जोड आहे हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तोच सगळ्यांना हवा होता. सत्यजीतची तर अंतरपाटाआड मान लांब करकरून बघायची धडपड चालली होती. भटजींनी दोनदा दटावलं.

मंगलाष्टकं संपली, हार घालायची वेळ आली. आता हल्ली नवी टूम आहे. नवरीचा हात पुरू नये म्हणून मित्रांनी नवऱ्याला खांद्यावर उचलायचं, आणि मग नवरीच्या भावांनी नवरीला. मित्रांनी सत्यजीतला उचललं. शिट्ट्या झाल्या. सगळे अपेक्षाच्या भावांकडे बघायला लागले.

चुलतभाऊ चौघे होते. एकमेकांकडे बघत राहिले. एकाने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि परत खाली घेतल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "जेसीबी बोलवा!" आणि मांडव हसला.

मी अपेक्षाकडे पाहिलं. हार हातात, ओठांवर हसू तसंच ठेवलेलं, पण खांदे खाली आलेले. सत्यजीत वरून ओरडत होता, "अरे सोडा मला, उतरवा," पण त्या गोंधळात ऐकतो कोण. मला वाटलं, गेलं सगळं. आता ही आयुष्यभर या हाराच्या फोटोकडे बघणार नाही.

तेवढ्यात सोजराकाकी पुढे आल्या. पदर कमरेला खोचला. चौघा पुतण्यांना हाताने बाजूला केलं. "व्हा तिकडं. माजी लेक हाय, म्या उचलती." आणि वाकल्या की! साठीच्या बाई! त्यांच्यामागे आत्या, मग काकू, मग मावशी, त्यांना धरून आठही जणी. माझ्याच हातचे आठ ब्लाउज, हात वर गेले तरी एकाचाही टाका हलला नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी चपला काढून कधी धावले तेच कळलं नाही. माझ्यामागे सासूबाई, "सरका, सरका, म्या मेंढरं उचलल्यात!" म्हणत.

आम्ही दहा जणींनी तिला खालून हात घातले. "एक, दोन, तीन," काकी ओरडल्या, आणि अपेक्षा वर गेली. सत्यजीतच्याही वर! तिने दोन्ही हात उंच करून हार घातला, आणि अख्खा मांडव उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. जेसीबीवाला कोण होता ते कळलं नाही, पण तोही वाजवत असणार.

ती वरून हसत होती. ओरडून म्हणत होती, "आई, सोड, कंबर धरेल तुझी! सोड!"

काकी सोडेनात. त्यांचं तोंड लाल झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या लेकीकडे वर बघत होत्या.

तीन महिने मी बायकांना सांगतेय की वजनाचं काय घेऊन बसलात, ते मनावर घेऊ नका. काल पहिल्यांदा एका पोरीचं वजन खांद्यावर घेतलं. जड होती. चांगली जड होती. आणि आम्हा दहा जणींपैकी कुणालाच तिला खाली ठेवायचं नव्हतं.